धोंडीबाईच्या गाठीवर बांधलेला लोहचुंबक

मी एक जुना लोहचुंबक आहे, मित्रांनो. वाटोळा, मध्ये भोक आणि कडेला टवका उडालेला. माझी पहिली नोकरी शेणवे गावातल्या एका भोंग्याच्या पोटात. त्र्याण्णव साली एका लग्नात भोंगा फुटला आणि मी धोंडीबाईच्या हाती लागलो. तिने मला दोरी बांधली. तेव्हापासून कुणाची बादली विहिरीत पडली की मला बोलावणं. एकदा तर मी रस्त्यावरची एसटी वीतभर ओढली. ड्रायव्हर अजून कबूल करत नाही.

धोंडीबाईच्या टाचेत मोडलेली सुई मीच बाहेर ओढली. तिचा माझ्यावर फार विश्वास बसला.

दोन हजार चारच्या गणपतीत तिची भाची रुपाली आली. ती मुंबईत प्रयोगशाळेत शिकत होती. तिने बाटलीतल्या पाण्यात लोखंडाचा कीस टाकला, मला बाहेरून लावलं, आणि सगळा कीस माझ्याकडे धावला. याहून कितीतरी बारीक कणांना कॅन्सरचं औषध चिकटवायचं, ते रक्तात सोडायचे आणि चुंबकाने गाठीपाशी खेचायचे, असं तिने सांगितलं. धोंडीबाई कान देऊन ऐकत होती.

रुपाली गेल्यावर धोंडीबाईने मला फडक्यात गुंडाळून छातीवर बांधलं. तिथे लिंबाएवढी गाठ होती. कुणालाच ठाऊक नव्हती.

दोन महिने मी तळमळलो. आत लोखंडाचा कणही नव्हता. ओढू काय? गाठ वाढत होती, आणि मला ओरडायला तोंड नाही.

दिवाळीला रुपालीने गळाभेट घेतली आणि मी तिला टोचलो. धोंडीबाईने सगळं सांगितलं. रुपालीने फडकं सोडून मला बाजूला ठेवलं.

"आत्या, ओढायला आत औषध नको का गो? आन् आमच्याकडं ते अजून उंदरांवरच चाललंय."

"मंग मानसांवर कवा?"

"लय वर्षं लागतील. तू थांबायचं नाय. उद्या दवाखान्यात."

ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं झाली, केस गेले आणि पुन्हा आले. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर केला असता तर कठीण होतं.

आता बायका बादलीसाठी मला मागायला येतात, तेव्हा धोंडीबाई दोरी घट्ट धरून आधी विचारते, "कुठं गाठबिठ नाय ना गो?" उत्तर मिळाल्याशिवाय सोडत नाही.

मित्रांनो, मला गंजू द्या, अडगळीत टाका. पण अंगावरचं दुखणं माझ्याखाली झाकू नका. एसटीची गोष्ट हवी तर खोटी धरा. ही धरू नका.