नव्या गाडीतली झोप

आयुष्यभर दुसऱ्यांचे ट्रक चालवलेला ड्रायव्हर स्वतःचा पहिला ट्रक घ्यायला निघाला, तेव्हा त्याने वहिनीला सोबत घेतलं. घासाघीस हा त्याचा प्रांतच नव्हता.

शोरूममध्ये वहिनी विक्रेत्यासमोर बसली आणि तो पांढऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये चढला. दार लावताच बाहेरचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे मंद झाले. दुपारचं ऊन मांडीवर उतरलं होतं. त्याने स्टिअरिंगवर हात ठेवले. गाडी आपसूक पुढे सरकतेय, रस्ता धुक्यात विरघळतोय आणि कुठे पोचायची घाईच नाही, असं त्याला वाटू लागलं. पापण्या कधी मिटल्या, कळलंच नाही.

"किंमत मी उतरवली," विक्रेता म्हणाला, "पण हँडलिंग चार्ज द्यावाच लागेल."

"हँडल भाऊजींच्या हातात आणि चार्ज तुमचा?" वहिनी म्हणाली.

"ताई, नियम आहे. आणि त्यांना गाडी आवडलेली दिसतेय."

"आवडलीय? वळून बघा तरी. आवडलेल्या गाडीत कुणी असं घोरतं का? थांबा, उठवते त्यांना. निघतो आम्ही."

विक्रेत्याने वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याने समोरच्या कागदावरच्या त्या चार्जवर रेघ मारली.

वहिनीने केबिनचं दार उघडलं. "भाऊजी, गाडी आपली झाली."

त्याने डोळे किलकिले केले. "वहिनी, फार गाढ झोप लागली हो. अशी कित्येक वर्षांत लागली नव्हती."

"मग झोपा अजून थोडं," ती म्हणाली, आणि दार हळूच लावून घेतलं.