कोड सात

पार्सिपनीच्या ऑफिसातला प्लॉटर एक नकाशा छापायला चाळीस मिनिटं घ्यायचा. प्रणिता खोब्रागडेला एवढं थांबावं लागलं नाही. वीतभर कागद बाहेर आला तेव्हाच तिला दिसलं की वारोमाचा पूर्व किनारा फिकट पिवळा छापला जातोय.

फिकट पिवळा म्हणजे कोड सात. कोड सात म्हणजे ‘मानवी वापर आढळला नाही’.

वारोमा हे इंडोनेशियाच्या पूर्व टोकाचं एक बेट. जवळच्या बंदरापासून बोटीनं अकरा तास. बेटावर एकच गाव. एका क्लायंटला तिथल्या पूर्व किनाऱ्यावर कोळंबीची तळी खोदायची होती. त्यासाठी पैसा देणारी वॉशिंग्टनची संस्था विचारत होती, ही जमीन कोण वापरतं? त्याचं उत्तर शोधायचं काम प्रणिताच्या कंपनीकडे होतं. उपग्रहाच्या चित्रात झाडं दिसतात, झाडांचा मालक दिसत नाही. म्हणून १९९५च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं तिला सहा आठवडे वारोमाला पाठवलं होतं. त्याला आता आठ महिने झाले होते.

ती सिद्धेशच्या केबिनमध्ये गेली. सिद्धेश पुण्याचा, प्रोजेक्ट मॅनेजर, तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. तो डब्यातली पोळीभाजी खात होता.

“पूर्व किनारा पिवळा का आहे?”

“ये, बस. बटाटा घेतेस?”

“सिद्धेश, पिवळा का आहे?”

“कारण तू पिवळा लिहिलायस.” त्यानं हात पुसले, मागच्या कपाटातून फाइल काढली आणि तिच्यासमोर उघडली. “शीट अकरा ते सव्वीस. अक्षर कोणाचं आहे?”

अक्षर तिचंच होतं. निळ्या पेनानं सोळा शीटांवर सोळा वेळा सात.

ते सात तिनं कुठे उभं राहून लिहिले हे तिला नीट आठवत होतं. गावातल्या दोर्चे नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या घरी ती राहत होती. तिथे मोठ्या बाईला ‘मामा’ म्हणतात, म्हणून तीही मामा दोर्चे म्हणायची आणि पहिले दोन दिवस तिला स्वतःचंच हसू यायचं. तिसऱ्या दिवशी मामा दोर्चे तिला पूर्वेकडे घेऊन गेली. वाटेवर एक खांब रोवला होता आणि त्याला नारळाची कोवळी झावळी बांधली होती. मामा दोर्चेनं तिचं मनगट धरलं.

“इथून पुढे नाही. तू नाही, मीही नाही.”

याला सासी म्हणतात. गाव ठरवून बाग बंद करतं, बागेसमोरचा समुद्रही बंद करतं. वर्षभर कोणी नारळ उतरवत नाही, कोणी शिंपल्यांसाठी बुडी मारत नाही, कोणी आत झोपडी ठेवत नाही. पडलेला नारळसुद्धा उचलत नाहीत. मग चर्चची घंटा वाजवून बाग उघडतात आणि अख्खं गाव एकदम आत जातं. मुलांच्या फिया, घरांचे पत्रे, आजाऱ्यांची औषधं, सगळं त्या काढणीवर चालतं. कोणतं झाड कोणत्या घराचं हे लहान पोरंही सांगतात. खांबापाशी उभं राहून मामा दोर्चेनं तिला लांबूनच आपली एकतीस झाडं दाखवली होती.

प्रणिता आत गेली नाही. तिच्याआधी सरकारी माणसं बूट घालून आत गेली होती, असं गावानं तिला सांगितलं होतं. आपण तसं करायचं नाही, हे तिनं तिथेच ठरवलं. याचा तिला अभिमानही वाटला होता. फॉर्मवर एक ते सात कोड होते. ‘बंद ठेवलेली बाग’ असा कोड नव्हता. सूचना होती की डोळ्यांना दिसेल तेच लिहावं. माणूस दिसत नव्हता. तिनं सात लिहिलं आणि शेजारच्या रकान्यात लिहिलं, ‘सासी चालू. आत गेले नाही. गावाची बाग.’

“रिमार्क वाचला नाहीस?” तिनं विचारलं.

“रिमार्क कोण वाचतं यार! डेटाबेसमध्ये तो कॉलमच नाही. कोड एंटर होतो, नकाशा रंगतो.”

“मग मी सहा आठवडे कशाला गेले होते? कोड तर इथे बसूनही भरता आले असते.”

“एवढं पर्सनली घेऊ नकोस. पुढच्या फेजमध्ये कम्युनिटी कन्सल्टेशन आहे. तिथे तुझी ती सासूबिसू मांडू आपण.”

“सासी.”

“तेच ते.”

“पुढच्या फेजमध्ये बुलडोझर आहे, सिद्धेश. वेळापत्रक तूच केलंयस. झाडं जूनमध्ये पडणार, बैठक सप्टेंबरमध्ये.”

डब्याचं झाकण लावायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

“रिपोर्ट थांबव,” ती म्हणाली. “मी आज शीट दुरुस्त करून देते.”

“काल कुरियरनं गेला, नकाशासकट. आता छापतेय ती ऑफिसची प्रत.”

“माझ्या सहीशिवाय?”

“सही शीटवर आहे ना. प्रत्येक शीटवर आहे.”

प्रणिता उठून उभी राहिली. तिचे कान तापले होते. वर्धा जिल्ह्यात तिचे आजोबा शंकरराव यांनी गायरानाचा तीन एकराचा तुकडा दगड वेचून वाहिताखाली आणला होता आणि तो बावीस वर्षं कसला होता. तलाठी आला वैशाखात. तूर निघून गेलेली, रान मोकळं. त्यानं बांधावर पायही ठेवला नाही. कडुनिंबाच्या सावलीत बसून पीकपाहणीत एक शब्द लिहिला: पडीक. पुढे सरकारनं ज्यांच्या नावावर गायरानं करून दिली त्या यादीत शंकरराव नव्हते. त्या तलाठ्याला घरात कोणी नावानं ओळखत नसे. ‘तो पडीकवाला’ असं म्हणत आणि पुढे शिवी देत. त्यातल्या बऱ्याच शिव्या प्रणितानंही दिल्या होत्या, अगदी शाळेत असल्यापासून.

तलाठी निदान आळशी होता. ती तर आदरानं बाहेर थांबली होती आणि शेवटी लिहिलं तेच होतं.

“हे बघ,” सिद्धेश आवाज खाली आणून म्हणाला, “तुझं ग्रीन कार्डचं फायलिंग मी स्वतः पुढे रेटतोय. मला धमकी वगैरे द्यायची नाहीये. पण सर्व्हेअरनंच सर्व्हे चुकला म्हटलं तर कंपनी तुला स्पॉन्सर कशी करेल? तूच सांग.”

“तुला धमकी द्यायची नाहीये, हे बरं सांगितलंस. मला कळलं नसतं.”

आपल्या टेबलावर येऊन तिनं वॉशिंग्टनचा नंबर लावला. अहवाल तपासणाऱ्या बाई फोनवर आल्या. आवाज कोरडा होता, घाईचा नव्हता. प्रणितानं शीट नंबर सांगितले, सासी म्हणजे काय ते सांगितलं.

“म्हणजे तुमच्या कंपनीनं तुमचा डेटा चुकीचा वापरला?” बाईंनी विचारलं.

इथे ‘हो’ म्हणणं सोपं होतं. रिमार्कचा रकाना तिच्या बाजूनं होता.

“त्यांनी रिमार्क गाळला. पण कोड मी लिहिला, आणि तो चुकीचा आहे. ती सगळी जमीन वापरात आहे.”

“कंपनीनं गाळला असेल तर मी खुलासा मागवेन. त्याला दोन महिने लागतात आणि तोवर मंजुरी थांबत नाही. सर्व्हेअरनं स्वतःची शीट मागे घेतली तर अहवाल आजच परत जातो. पण मग सोळाच नाहीत, तुमची सगळीच शीट बाद होतात. तुमच्या नावावर ते राहील. समजतंय ना?”

“सगळी बाद करा.”

“लेखी लागेल. सहीनिशी.”

पत्र सात ओळींचं झालं. तिसऱ्या ओळीत तिनं लिहिलं, ‘मी बागेत न जाता बागेबद्दल लिहिलं.’ फॅक्सचं मशीन सिद्धेशच्या केबिनबाहेर होतं. कागद आत सरकताना तो दारात आला आणि मान वाकडी करून त्यानं मजकूर वाचला.

“तू वेडी आहेस का? रिमार्क दाखवला असतास तर तू सुटली असतीस!”

“मी सुटले असते. झाडं सुटली नसती.”

“तुझ्या त्या म्हाताऱ्या बाईला हे कळणारसुद्धा नाही.”

“नको कळू दे. मी काय लिहिलं होतं तेही तिला माहीत नाहीये.”

मशीननं पोचल्याची चिठ्ठी फेकली. तिनं ती घडी करून पर्समध्ये टाकली. प्लॉटरपाशी नकाशा पूर्ण होऊन लोंबत होता. तिनं तो ओढून काढला, मधोमध फाडला, परत फाडला. कागद जाड होता, त्यामुळे जोर लावावा लागला. अख्खं ऑफिस मान वर करून बघत होतं.

सिद्धेशच्या टेबलावरचा फोन वाजला. डिस्प्लेवर वॉशिंग्टनचा एरिया कोड होता. त्यानं फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“घे,” ती म्हणाली. “तुझ्यासाठीच आहे.”