चेहऱ्यावरचा आकडा

विश्वजीत लग्नांचे फोटो काढायचा आणि लग्नसराई नसली की यूट्यूबवर बोलायचा. विषय एकच, बाजारात अजून न आलेल्या लेन्स. मिररलेस कॅमेऱ्यांसाठी कोणती कंपनी पुढची प्राइम लेन्स आणणार, म्हणजे झूम न होणारी, एकाच मापाची; ती अंधारात किती उजेड ओढणार, गळ्यात किती जड होणार, याचे तो अंदाज बांधायचा. बहुतेक अंदाज सपशेल पडायचे. तरी लोक ऐकायचे, कारण त्याला सांगता यायचं.

त्याची थोरली बहीण तनुजा वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटीला होती. कारखाना गाड्यांचे सुटे भाग करायचा. यंदा परदेशातून एक वेगळंच काम आलं, ॲल्युमिनियमच्या काळ्या कड्यांचं. कशाच्या कड्या ते कुणी सांगितलं नाही. बाहेर चकार शब्द काढायचा नाही, एवढं मात्र बजावलं. तनुजानं पहिली कडी तपासायला हातात घेतली आणि ती दोनदा फिरवून पाहिली. बाहेरून कोरलेले उजेडाचे आकडे १.२ पासून सुरू होत होते आणि आतल्या अंगाला लेन्सचं माप होतं, ३५. विश्वजीतची टकळी ऐकत जिचं निम्मं आयुष्य गेलं, तिला आणखी काय सांगायला हवं?

तिनं कुणाला सांगितलं नाही. घरी तर नाहीच. फक्त एक झालं. आधी विश्वजीतनं अंदाज सांगितला की ती त्याची टर उडवायची, ते तिनं सोडलं. लेन्सचं नाव निघालं की ती गप्प बसू लागली, आणि नवरीच्या पापण्यांवर नजर ठेवून पोट भरणाऱ्या माणसाच्या ते नजरेतून सुटेल कसं?

एका संध्याकाळी सिडकोतल्या घरी ही दोघं भावंडं आणि आई लक्ष्मीबाई जेवायला बसली होती. विश्वजीतनं भाकरी मोडता मोडता विचारलं, "ताई, लेन्सचं नाव निघालं की तू गप होतीस. तुमच्याकडं कॅमेऱ्याचं काम आलंय, हाय ना?"

"गाड्यांचंच आहे. जेव."

"बरं. पंच्याऐंशी?" तो तिच्याकडं बघत म्हणाला. "पन्नास? चोवीस?"

"विशू, गप बस."

"पस्तीस?"

तनुजानं ताटातून नजर उचलली नाही. पण हातातला घास हातातच राहिला.

"एक पॉइंट दोन?"

"आई, वरण वाढ गं," ती म्हणाली. तिच्या ताटात वरण होतंच.

लक्ष्मीबाईंनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "काय चाललंय रे तुमचं? जेवताना कसले आकडे लावता?"

विश्वजीतनं उरलेली भाकरी भराभर संपवली. तो हसलाही नाही, आणि तनुजाला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

सकाळी कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या शालूनं मोबाइल तिच्यापुढं धरला. "तुझ्या भावानं तर धमाका केला गं!" पडद्यावर विश्वजीत होता. 'खात्रीची खबर,' तो सांगत होता, 'पस्तीस, एक पॉइंट दोन. आणि दोस्तहो, ही खबर दूरची नाय, आपल्याच शहरातून आलीय.'

 तनुजानं त्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तोवर फाटक आलं आणि फोन पेटीत जमा करावा लागला.

दहाच्या चहाला बातमी साऱ्या कारखान्यात पसरली होती. परदेशच्या गिऱ्हाइकाचा फोन येऊन गेला म्हणे. मग कड्यांच्या मशीनवरच्या अंगदला मॅनेजर मुळे साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. अंगद कन्नड तालुक्यातला, आपल्या कामाशी काम ठेवणारा. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याच्याकडं कॅमेरा होता आणि सुट्टीत तो गावाकडं बारशी-साखरपुड्यांचे फोटो काढायचा. काचेतून तो दिसत होता. मान खाली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले.

तनुजा मोजमापाच्या टेबलाशी उभी होती. समोरच्या कडीवरचे आकडे तिला दिसेनात. कुणी विचारलं नाही तर आपण का बोलावं, असं मनात आलं. आपण सांगितलंच कुठं? खरंच तर आहे. तेवढ्यात आतून अंगदचा चढलेला आवाज आला, "अल्लाकसम म्हणा का इठ्ठलाची आण म्हणा, साहेब, म्या एक शब्द बोललो नाय!" आणि तिचे पाय आपोआप केबिनकडं वळले.

"साहेब, तो चॅनल माझ्या भावाचा आहे."

मुळे साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही सांगितलंत?"

"नाही. त्यानं ओळखलं."

"कशावरून?"

"माझ्या तोंडावरून." बोलताना तिलाच ते खोटं वाटलं. "तो आकडे म्हणत गेला, अन् माझा घास हातातच राहिला."

अंगद तिच्याकडं बघत राहिला. त्या नजरेपुढं साहेबांचा राग परवडला असता.

विश्वजीतला फाटकावरून फोन गेला. तो मोटारसायकल पिटाळत आला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "व्हिडिओ आत्ता काढतो, साहेब."

"काढला म्हणजे झालं का?" मुळे साहेब कडाडले. "काढला की जग म्हणणार, खरं होतं म्हणूनच काढला. अहो, गिऱ्हाईक काम उचलून दुसरीकडं नेईल. इथं चाळीस घरं चालतात!"

विश्वजीतनं बहिणीकडं पाहिलं. ती भिंतीकडं बघत होती. 

"मग मी लोकांना खरं सांगतो," तो हळू म्हणाला. "मला खबर देणारा माणूसच नव्हता. ती बात मी मनानं जोडली."

तो फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभा राहिला आणि मोबाइलवरून चॅनलवर थेट बोलला. 'खात्रीची खबर म्हणालो, ते साफ खोटं होतं. मला कुणी काही सांगितलेलं नाय. मी दरवेळी अंदाज ठोकतो, तसाच हाही ठोकला. माफ करा.' बोलून होतंय तोच लोकांनी त्याला फाडायला सुरुवात केली. फेकू, चालू माणूस, दुकान बंद कर. तो एकेक वाचत उभा राहिला. तनुजा फाटकातून बघत होती. तिला त्याची कीव आली आणि त्याला दोन मुस्कटात द्याव्यात असंही वाटलं.

गिऱ्हाइकानं काम ठेवलं. नोकरीही राहिली, पण तनुजाला त्या कड्यांवरून काढून गिअरच्या भागांवर टाकलं आणि त्या विभागात जायची बंदी झाली. अंगदला साहेबांनी परत मशीनवर पाठवलं, त्याची माफी मात्र कुणी मागितली नाही. ती तनुजानं मागितली, बसच्या थांब्यावर, चारचौघांत. त्यानं ऐकून घेतलं आणि तो तिला टाळून पुढच्या दारानं बसमध्ये चढला.

घरी तिनं विश्वजीतशी बोलणं टाकलं. तो दारात आला की ती उठून जायची. लक्ष्मीबाई म्हणायच्या, "पाठचा भाऊ हाय, किती दिस राग धरशील?" ती म्हणायची, "जमेल तेवढे."

पुढच्या आठवड्यात बसमध्ये अंगद स्वतःहून तिच्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ खिडकीबाहेर बघून म्हणाला, "मॅडम, तुमच्या भावाला म्हणावं, आता पंच्याऐंशीच्या लेन्सचं काय ते बघ. लग्नात तीच लई कामाला येती."

तनुजाला खुदकन हसू फुटलं. दुसऱ्याच क्षणी तिनं ते आवरलं आणि मागं वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना.