घोडपदेवच्या कातळावरची फुलं

मुंबईत घोडपदेवच्या चाळीत सकाळपासून रांग लागली होती. मंडपात नुसता काळा कातळ, आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी निळी-जांभळी फुलं.

"देवी रडली म्हणून दगड फुलला," कातळेश्वर महाराज माइकवरून सांगत होते. "शुगर, कॅन्सर, वास्तुदोष, सगळ्यावर हेच पाणी. गोळ्या बंद, सुया बंद, शंका तर आधी बंद." कातळावरून ओघळलेलं पाणी ते पळीपळीने वाटत होते.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मेघनाचं डोकं फिरलं ते आईमुळे. लक्ष्मीबाईंनी आठवडाभर इन्सुलिन घेतलं नव्हतं. सकाळी साखर चारशे तीस भरली होती, तरी बाई रांगेत उभ्याच.

"आई, दवाखान्यात चल."

"तुका काय कळता? देवीचा पाणी पितंय मी."

मेघना टेम्पोवाल्या दत्तूकाकांकडे वळली. "काका, हा दगड तुम्हीच आणलात ना, आपल्या गावच्या सड्यावरून?"

"मीच आणला मे महिन्यात. पण तेव्हा त्याच्यावर काडी नव्हती गं."

"काका, पावसाळ्यात तुम्ही कधी गावी गेलात?"

अख्खी चाळ मे महिन्यातच कोकणात गावी जायची. गणपतीत मंडळ सोडून हलणं म्हणजे गुन्हाच. श्रावणातला सडा, गावामागचा तो उघडा कातळाचा माळ, कुणी पाहिलाच नव्हता. मेघनाने मात्र गेल्या वर्षी, चुलत्यांच्या बाराव्याला गेली तेव्हा, तो मैलभर निळा झालेला पाहिला होता.

"दगड उतरवताना तुकडा पडला, तो कुठाय?"

"संडासामागे टाकला."

माणसं मेघनामागून तिकडे गेली. पावसात भिजलेल्या त्या तुकड्यावर तीच फुलं डुलत होती. मेघनाने तो उचलून मंडपात आणला.

"संडासामागे कुठली देवी रडली, महाराज?" तिने तुकड्याच्या खळग्यातली माती नखाने खरवडली. "ह्यात गेल्या वर्षीचं बी असतं. पाऊस लागला की उगवतं, फुलतं, बी टाकून मरतं. गावात ह्याला सीतेची आसवं म्हणतात."

"नास्तिकांच्या नजरेने देवी कोपते," म्हणत महाराज माइकची वायर गुंडाळू लागले.

"मेघना, माका धर," लक्ष्मीबाई पुटपुटल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

दत्तूकाकांनीच टॅक्सी थांबवली. बाई चार दिवस आयसीयूत राहून वाचल्या. आणखी एक दिवस गेला असता तर आमच्या हातात काही उरलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

पाण्याने बी उगवतं, साखर उतरत नाही. औषध सोड असं सांगणारा कुणी भेटला, तर त्याचे पाय धरू नका, कॉलर धरा.