बापाची खूण

सांगलीच्या प्रयोगशाळेत क्रांतीनं हिवतापाच्या डासांच्या दोन जातींचा संकर केला. मादी कुपवाडची, गुळगुळीत अंड्यांची. नर रहिमतपूरचा, खरबरीत अंड्यांच्या जातीतला. अंडी मात्र हुबेहूब आईसारखी निघाली.

"फसला संकर! ही तर इथल्याच हौदांतली अंडी. मारायला उकळतं पाणी कशाला ओतायचं?" सहकारी मल्हारवर खेकसत तिनं ट्रे मागच्या उघड्या हौदात उपडा केला. कडेला राहिलेली चार अंडी मल्हारनं गुपचूप वाढवली.

आज त्यांतल्या माद्यांनी अंडी घातली. सगळी खरबरीत!

मल्हारनं ती दाखवताच क्रांतीला उमगलं. कवच आईच्या पोटात घडतं, बापाची खूण लेकींच्या अंड्यांवरच उमटते. संकर साधला होता.

ती हौदाकडे धावली. पाण्यात एकही अळी नव्हती. वर नुसती कोषांची रिकामी टरफलं तरंगत होती.