दुसऱ्या फेरीचं हेल्मेट

मित्रांनो, मी एक जुनं हेल्मेट आहे. मोटारसायकलवाल्याचं नव्हे, बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकाचं. दर सव्वीस जानेवारीला मला गावच्या शाळेच्या टेबलावर ठेवतात, हार घालतात. पाहुणे माझ्यावर हात ठेवून फोटो काढतात आणि भाषणं ठोकतात. त्या भाषणांत जे येत नाही ते मी सांगतो. ऐकून वाईट वाटेल. वाटू द्या.

मला बाहेरून कडक कवच आहे आणि आत चामड्याचं अस्तर. कानांशी ऐकायची सोय, तोंडाशी मास्क. वैमानिक बोलतो ते आधी मला कळतं. तो जे गिळतो तेही कळतं, कारण त्याचा घाम माझ्यातच मुरतो.

एकोणीसशे सत्तर साली मी बावीस वर्षांच्या सहादेवच्या डोक्यावर बसलो. तो पारनेर आणि राहुरीच्या मधल्या कोरड्या माळावरचा. त्याच्या गावाशेजारी फौजेचं सरावाचं रान होतं आणि त्याची आई झुंबरबाई त्या रानात पडलेल्या बॉम्बचं भंगार वेचायची. सराव चालू असेपर्यंत टेकडीवर लाल बावटा असायचा. तो उतरल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असा नियम. पण बावट्याची वाट बघणारीच्या हाती काही लागत नसे. म्हणून बाया ओढ्यात दबून बसायच्या. पहिला बॉम्ब पडला की विमान वळून परत येईपर्यंत किती वेळ मिळतो, हे त्यांना घड्याळाशिवाय ठाऊक होतं. तेवढ्यात वाकून धावायचं आणि पत्र्याच्या तुकड्यावर आपली चुंबळ टाकायची. ओझ्याखाली डोक्यावर ठेवतात ती कापडाची चुंबळ. जिची चुंबळ, तिचा पत्रा. मग त्याला दुसरी बाई हात लावत नसे.

प्रशिक्षणात सहादेवच्या विमानाच्या काचेच्या नाकात पालथा पडून नेम सांगायला हेमचंद्र होता. नगरच्या एका मास्तरांचा मुलगा, जिभेने तिखट. "डावीकडे... अजून... स्थिर... सोड!" असं तो म्हणायचा आणि सहादेवचा अंगठा बटण दाबायचा. बॉम्ब सरावाचे. पडले की नुसता पांढरा धूर आणि फुटका पत्रा.

एकदा सराव नेमका सहादेवच्या गावच्या माळावर आला. ओढ्याच्या काठाला त्याला लाल लुगडं दिसलं. अंगठा थबकला आणि बॉम्ब कुठल्या कुठे जाऊन पडला.

"काय रे, घरचं पिठलं आठवलं का?" हेमचंद्र ओरडला.

"खाली बाया आहेत."

"बावटा वर आहे ना? मग नाहीत."

शिक्षकांनी वहीत लाल शाईने लिहिलं, 'अंगठा अर्धा सेकंद उशिरा.' मग महिनाभर त्याला घासूनपुसून तयार केलं. रोज तीच फेरी, रोज तेच बटण, शेवटी 'सोड' म्हणताच अंगठा सहादेवला न विचारता खाली जाऊ लागला. त्याबद्दल त्याचं कौतुक झालं. मित्रांनो, लोक याला शिस्त म्हणतात. म्हणोत. मी आतून पाहिली आहे ती.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली. सीमेपलीकडचं नदीकाठचं रेल्वे यार्ड उडवायचा हुकूम आला. एक फेरी मारायची, वळायचं आणि पुन्हा त्याच जागी दुसरी. आम्ही उन्हं कलताना पोचलो. पहिल्या फेरीत मालाचे डबे फुटले. वळून परत आलो तर रुळांवर पांढरं पांढरं सांडलं होतं. तांदूळ. आणि त्याच्याकडे माणसं धावत होती. वाकून, एक हात डोक्यावरच्या टोपलीला लावून.

"लोक दिसतायत," हेमचंद्र म्हणाला. "आग विझवायला आले असतील."

"विझवायला नाही. वेचायला आलेत."

ते धावणं सहादेवच्या ओळखीचं होतं.

हेमचंद्रने डोळा पुन्हा नेमावर लावला. मग सवयीने म्हणाला, "स्थिर... सोड."

अंगठा खाली गेला. अर्धा सेकंदसुद्धा उशीर झाला नाही.

परतताना हेमचंद्रने हळूच विचारलं, "रिपोर्टात काय लिहू?"

"लक्ष्य उद्ध्वस्त. एवढंच."

शाबासकी मिळाली. सुट्टीही मिळाली. घरी जाताना त्याने मला सोबत घेतलं, आईला दाखवायला. झुंबरबाईने मला उलटसुलट करून बघितलं आणि चुलीपुढे बसली.

"सादेवा, पयला टाकल्यावं फिरून दुसरा टाकत्यात न्हवं?"

"व्हय."

"मधी मान्सं यीत असत्याल. आमी जातो तशी."

"न्हाई आये. तिथं कुनी न्हवतं."

तिने त्याच्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. पुन्हा कधी विचारलं नाही. पुढे ती गेली, ते खोटं तसंच राहिलं.

नोकरी संपवून सहादेव गावी आला. मला तडा गेला होता म्हणून फेकणार होते, त्याने मागून घेतलं. कित्येक वर्षं मी ट्रंकेत पडून होतो. उंदरांनी अस्तर खाल्लं. शाळेला माझी आठवण वर्षातून एकदाच.

रान मात्र तिथेच आहे. आता विमानं कमी येतात, तोफा जास्त. बाया अजून जातात. सत्त्याहत्तर वर्षांचा सहादेव सरावाच्या दिवशी मला डोक्यावर चढवतो आणि काठी घेऊन ओढ्यावर उभा राहतो. बाया हसतात.

"आलं बाबा कुंची घालून!"

"थंडी वाजतीया का वं आजोबा?"

विजयमाला नावाची बाई सगळ्यांत फटकळ. ती एकदा म्हणाली, "तुमाला पेन्शन हाय बाबा. आमाला काय हाय?" शाळेत भाषण करणाऱ्यांकडे याचं उत्तर असेल तर त्यांनी ते ओढ्यावर येऊन द्यावं.

मागच्या सरावाला पहिला बार झाला आणि विजयमाला पदर खोचून उठली. सहादेवने काठी आडवी धरली.

"सरका बाबा. टायम जातूय."

"मी टाकलाय दुसरा बाँब," तो म्हणाला. "अशाच मान्सांवर. मला दिसत हुती ती. दिसत असून टाकला. आन आईला सांगितलं, कुनी न्हवतं."

कुणी हसलं नाही. विजयमाला खाली बसली. दुसरा गोळा पडला तो लांब, टेकडीपलीकडे.

"बगा," ती चिडून म्हणाली, "गेले असते तर पत्रा गावला असता."

"व्हय. गावला असता."

तरी त्या दिवशी ती पुन्हा उठली नाही. बावटा उतरला तेव्हा सगळ्या मिळून आत गेल्या.

गुरुवारी परत सराव आहे. पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली आहे. सहादेवचे गुडघे सुजलेत, त्याला ओसरीपर्यंतही येववत नाही. मी खुंटीवर आहे. मित्रांनो, माझी धूळ पुसायला येऊ नका, हारही आणू नका. त्या दिवशी तुमच्या घरातली जी बाई घाईघाईने भाकरी बांधून घेईल, तिला विचारा, "आये, कुठं निघालीस?" आणि ती काहीही म्हणाली, कितीही चिडली, तरी बावटा उतरेपर्यंत तिचा हात सोडू नका.