क्लचवरचा पाय

मी एक जुनी मोटारगाडी बोलतेय, आणि गोड बोलायच्या मनःस्थितीत मी मुळीच नाही. सध्या मी एका हॉस्पिटलच्या आवारात उभी आहे. येणारा-जाणारा माझ्या बॉनेटवर कोपर टेकवून फोटो काढून घेतो, "काय मस्त ठेवलीय हो गाडी," म्हणतो आणि आपल्या वाटेने जातो. मस्त ठेवलीय म्हणे! देशाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत मी कशी आले ते माझं मला ठाऊक. कुणी विचारलेलं नाही, तरी सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला, पत्रा जाड असायचा त्या काळातला. माझे पहिले मालक लाकडाचे व्यापारी होते. मागच्या सीटवर बसून ते सिगारेटी ओढायचे आणि राख खाली झटकायचे. त्यांचा धंदा बसला आणि मी आत्ताच्या मालकांकडे आले. हे मालक लायसन्सच्या ऑफिसात परीक्षक होते. गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी बसायचं, त्याचे हातपाय न्याहाळायचे आणि पास की नापास ते ठरवायचं, हे त्यांचं काम. नाकावर माशी बसू देत नसत. शहरात त्यांना 'पुढच्या महिन्यात या' याच नावाने सगळे ओळखायचे.

त्यांना सगळ्यात जास्त चीड होती ती क्लचवर पाय ठेवून गाडी चालवण्याची. गिअर बदलताना क्लच दाबायचा आणि लगेच पाय उचलून बाजूला घ्यायचा. पाय तिथेच रेंगाळला तर क्लच घासत राहतो, जळतो आणि गाडी ओढ घेत नाही. हे खरंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण याच एका चुकीवर त्यांनी स्वतःच्या बायकोलासुद्धा नापास केलं.

ती परीक्षा माझ्यातच झाली. दुसरा परीक्षक 'वहिनींची परीक्षा मी घेतो' म्हणत होता, तर मालक म्हणाले, आमच्या घरच्यांना सवलत नको. मालकीणबाईंनी मला वळणावर, चढावर, उलटी, सुलटी, सगळीकडे झकास चालवली. भीतीने डावा पाय तेवढा क्लचवर राहिला. खाली उतरताना मालक त्यांना अहोजाहो करत म्हणाले, "पुढच्या महिन्यात या." मालकीणबाई पुढच्या महिन्यात गेल्या नाहीत. नंतरही कधी गेल्या नाहीत. तेव्हापासून त्या मालकांच्या डाव्या हाताला, मांडीवर पर्स घेऊन, रस्त्याकडे बघत बसत आल्या.

मालक निवृत्त झाले आणि माझी चैन सुरू झाली असं लोकांना वाटतं. रोज सकाळी मऊ फडक्याने पुसायचं आणि झाकून ठेवायचं, याला चैन म्हणत असतील तर असो. मला रस्ता हवा होता. तो मिळाला, पण असा मिळायला नको होता.

मालकीणबाईंची थोरली बहीण देशाच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठच्या शहरात राहते. आई लवकर गेली, त्यामुळे या ताईनेच धाकटीला वाढवलं. ताईंचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं, सोमवारी सकाळी. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या की आत नेण्याआधी तू समोर दिसलीस की मला बाकी काही नको. मालकीणबाई रेल्वेची चौकशी करायला लागल्या. मालकांनी फोन बाजूला ठेवायला लावला आणि जाहीर केलं, गाडीने जाऊ, शनिवारी ताईंच्या दारात उभं करतो. ताईंकडे गाडीने नेईन असं मला घेतलं तेव्हाच त्यांनी बायकोला कबूल केलं होतं म्हणे, पण रजा कधी जमली नाही. मालकीणबाईंनी बॅग भरायला घेतली. त्यांनी तिथेच पाय आपटायला हवा होता.

कारण मालकांचा डावा गुडघा गेला होता. घरात कुणाला त्यांनी कळू दिलं नव्हतं, पण माझ्यापासून काय लपणार? पाय उचलताना कळ यायची, म्हणून एकदा क्लचवर ठेवलेला पाय ते उचलतच नव्हते. गाव सुटलं, शेतं लागली, मग नुसतं सपाट माळरान आणि दूरवर पवनचक्क्या, तरी तो पाय तिथेच. माझा क्लच घासत होता, वास सुटला होता. साधी टेकडी आली तरी मी धापा टाकायला लागले.

"पेट्रोलात भेसळ आहे," मालक म्हणाले.

पहिल्या गॅरेजात त्यांनी माझा कार्बोरेटर उघडायला लावला. तो स्वच्छ निघाला. दुसऱ्या गॅरेजात प्लग बदलून घेतले, जुने अजून चांगले होते. तिसऱ्या ठिकाणी रेडिएटर धुऊन काढला. मेकॅनिक काही सुचवायला गेला की मालक आपण कोण होतो ते सांगायचे, मग तो बिचारा 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणून पाना उचलायचा. दुखतंय एकीकडे आणि चिरफाड भलतीकडे! माझ्या अंगाची नुसती लाही लाही होत होती. मला हॉर्नशिवाय वाचा नाही, आणि तोही मालकांच्याच हातात.

शनिवार गॅरेजच्या बाकावर गेला. मालकीणबाई फोनवर ताईंना सांगत होत्या, निघालोच आहोत, येतोच आहोत. शेजारी मालक फडक्याला हात पुसत माझ्या वयाच्या नावाने खडे फोडत होते. आता हिच्यात काही राम राहिला नाही, असं ते एका अनोळखी ट्रकवाल्याला म्हणाले. मी ऐकलं. मालकीणबाईंनीही ऐकलं.

रविवारी डोंगर लागला. पुढे ट्रकांची रांग, एका बाजूला दरी, आणि गाडी दर थोड्या अंतरावर थांबवायची, पुन्हा उचलायची. असं पाच-सहा वेळा झालं असेल. मग मालकांचा गुडघा अडकला तो अडकलाच. क्लच दबेना, मी हिसका खाऊन बंद पडले. मागून हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. मालकांच्या कपाळावर घाम होता आणि ते किल्ली फिरवत मला शिव्या घालत होते.

मालकीणबाईंनी हात पुढे करून किल्लीवरचा त्यांचा हात बाजूला केला.

"गाडीला काही झालेलं नाही. तुमचा गुडघा गेलाय."

"काहीतरी काय बोलतेस."

"मला नापास केलंत ते कशावरून?"

मालकांनी पुन्हा किल्लीकडे हात नेला.

"मी घाबरून पाय ठेवला होता हो. तुम्ही घर सोडल्यापासून उचललेला नाही. तीन गॅरेजं हिंडवलीत मला. उद्या ताई माझी वाट बघत आत जाईल, कळतंय का तुम्हाला?"

एवढं बोलून त्या रडतील असं मला वाटलं. त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढली. माझी पुढची सीट सोफ्यासारखी सलग आहे आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशीच, त्यामुळे मध्ये काही आडवं येत नाही. त्या सरकत सरकत मालकांना अगदी चिकटून बसल्या आणि त्यांनी आपला उजवा पाय क्लचवर ठेवला. मालकांना म्हणाल्या, तुमचा काढा.

मालकांनी दोन्ही हातांनी मांडी धरून पाय उचलला आणि मागे सीटकडे ओढून घेतला. त्याला फार वेळ लागला.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. "दाब." "दाबलाय." "आता सोड, हळू, अगं हळू." गिअर असे करकरायचे की माझे दात झिजतात की काय असं वाटायचं. ट्रकवाले काच खाली करून हसत होते. या वयात इतकं चिकटून बसलेलं जोडपं त्यांनी पाहिलं नसावं. मालक अजूनही परीक्षकच होते, प्रत्येक चुकीला जीभ टाळ्याला लावून च्यक् करायचे. पण डोंगर उतरेपर्यंत त्यांचं 'दाब' म्हणणं बंद झालं होतं. माझा आवाज बदलला की मालकीणबाईंचा पाय आपोआप खाली जायचा आणि काम झालं की बाजूला यायचा. इतकी वर्षं शेजारी बसून त्यांनी मला ऐकलं होतं. माझा क्लच निवला आणि मी पळायला लागले. तसं पळायला मी पहिल्या दिवसापासून तयार होते, हेच तर माझं दुःख आहे.

सोमवारी आम्ही हॉस्पिटलच्या फाटकात शिरलो तेव्हा उन्हं चांगलीच वर आली होती. मालकीणबाई एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, तशाच धावत आत गेल्या. मालक स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

दुपार कलल्यावर त्या परत आल्या आणि शेजारी बसल्या. ताई शुद्धीवर आल्या होत्या, ऑपरेशन नीट झालं होतं.

"काही बोलली?" मालकांनी विचारलं.

"म्हणाली, आत नेईपर्यंत मी मान वळवून दाराकडे बघत होते. कुठे अडकलीस म्हणून विचारलं."

"मग?"

"गाडी बिघडली, म्हटलं."

माझ्या टायरपासून टपापर्यंत आग पेटली. इतकं सोसलं, ओढत ओढत आणलं, आणि शेवटी खापर माझ्याच डोक्यावर! मालक आता काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहिली. ते नुसतं "हं" म्हणाले. मालकीणबाईंनी डोळे पुसले आणि खाली वाकून चप्पल शोधायला लागल्या. नवऱ्याची इतकी चीड आलेली बाई नवऱ्यासाठी इतकं सहज खोटं बोलते, हे मला अजून उमगलेलं नाही.

ताई आता भिंतीला धरून चालतात म्हणे. लवकरच त्या बाहेर येतील, मला बघतील आणि म्हणतील, हीच का ती. तेव्हा माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी आत जाणार असेल, तर त्यांच्या खाटेपाशी जरा थांबा आणि सांगा, गाडी बिघडली नव्हती. मग उशीर का झाला असं त्यांनी विचारलं तर मात्र गप्प राहा. ते मालकांनी स्वतः लंगडत जाऊन सांगायचं आहे. रोज दार उघडून ते एक पाय खाली ठेवतात, थोडा वेळ तसेच बसतात, आणि पाय पुन्हा आत घेतात.